कार्यक्रम रद्द झाला तेव्हा पियानो तयार होता

शिवाजी मंदिरच्या किंवा दीनानाथच्या तिकीट खिडकीशी ‘आजचा प्रयोग रद्द’ अशी पाटी दिसली की मराठी प्रेक्षक हळहळतो, पैसे परत घेतो आणि पुढच्या प्रयोगाची तारीख विचारतो. प्रयोग पुन्हा लागणार हे त्याला ठाऊक असतं. नरिमन पॉइंटला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात पियानो ट्रिओचा कार्यक्रम रद्द झाला तर बहुधा पुढची तारीख नसतेच. वाजवणारे तिघं दोन दिवसांत दुसऱ्या शहरात असतात. चर्चगेटहून चालत आलेली माणसं पाटी वाचतात, आणि त्यांतलं कुणी तरी म्हणतंच, “एक पियानोवादकच आजारी आहे ना? मग दुसरा बसवता आला नसता?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या संगीतात तो कायम सुटत आलेला आहे. ठरलेला तबलजी तापाने फणफणला, तर दुपारी फोन जातो, गिरगावातून नाही तर डोंबिवलीहून दुसरा येतो. ग्रीनरूममध्ये पाच मिनिटं बोलणं होतं: पट्टी कोणती, विलंबित एकताल की झुमरा, मध्ये ठुमरी आहे का. मैफल होते, कधी कधी अपेक्षेपेक्षा जास्त रंगते. ठेका आणि सम हे दोघांचं सामायिक व्याकरण असतं, आणि बाकीचं सगळं तिथल्या तिथे घडतं. चेंबर म्युझिकमध्ये याच्या उलट आहे. सूर सगळे आधीच कागदावर असतात. जे कागदावर नसतं ते ठरवायलाच तिघांची वर्षं गेलेली असतात.

चेंबर म्हणजे खोली, दिवाणखाना. आपली बैठक जशी मुळात खोलीत जन्मली तसंच हेही. पियानो ट्रिओत पियानो, व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) असे तिघं. पियानो मोठा दिसतो म्हणून तो मुख्य आणि बाकीचे साथीला, असं काहींना वाटतं. काहींना नेमकं उलटं वाटतं, म्हणजे पियानो पेटीसारखा मागून साथ करतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. शूबर्टच्या ई फ्लॅट ट्रिओमधला संथ भाग ऐकावा. सुरुवातीला पियानो नुसती पावलं टाकतो, एकसारखे, जड, थकलेल्या वाटसरूसारखे स्वरसमूह, आणि वरून चेलो गातो. थोड्या वेळाने अदलाबदल होते. गाणं पियानोकडे जातं आणि पावलं तारवाद्यांकडे. म्हणजे पियानोवादकाने पहिल्या मापात पाऊल जितकं जड टाकलं, तितकंच ते नंतर व्हायोलिन-चेलोने गजाच्या झटक्याने टाकायचं. पियानोवर सूर आघातानंतर आपोआप विरतो, गजावर तो मुद्दाम विरवावा लागतो. ही दोन विरणं एकसारखी ऐकू यायला हवीत. गज तारेवर कुठे ठेवायचा, किती वेगाने ओढायचा, पियानोचा पेडल कुठे सोडायचा, हे कुठल्याही छापील प्रतीत लिहिलेलं नसतं. दुपारी चार वाजता आलेला उत्तम पियानोवादक सूर सगळे बरोबर वाजवेल. पावलं मात्र त्याची स्वतःची असतील.

यावर जाणकार लगेच मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराचं नाव काढतात, आणि ते काढायलाच हवं. रॉबर्ट शूमानने १८४२ च्या शरदात काही आठवड्यांत पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तारवाद्यांची रचना) लिहिला आणि बायकोला, क्लाराला, अर्पण केला. क्लारा ही तेव्हा युरोपातली नावाजलेली पियानोवादक, लहानपणापासून मंचावर वाढलेली. त्या वर्षी ६ डिसेंबरला घरगुती बैठकीत ती तो वाजवणार होती, पण आजारी पडली. फेलिक्स मेंडेल्सोन तिच्या जागी बसला आणि तो अवघड भाग त्याने समोर कागद ठेवून पहिल्याच वाचनात वाजवला. पण लोक इथेच थांबतात, आणि पुढचं सांगत नाहीत. वाजवून झाल्यावर मेंडेल्सोनने काही जागा खटकल्याचं सांगितलं आणि शूमानने रचना सुधारली, स्केर्त्सो या चपळ भागातला एक तुकडा नव्याने लिहिला. जाहीर कार्यक्रम ८ जानेवारी १८४३ ला लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये झाला आणि तिथे पियानोवर क्लाराच होती. बदली माणूस मिळाला तो मेंडेल्सोन होता, बैठक खासगी होती आणि रचनाच अजून ओली होती. तिकीट लावलेल्या, दहा वर्षं घोटलेल्या ट्रिओत या तिन्ही गोष्टी नसतात.

रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या पोटातून एक अख्खी कारकीर्द निघाल्याचं उदाहरण मात्र आहे, ते मेनाहेम प्रेसलर यांचं. जन्म १९२३ चा, जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली त्यात तेही फुटलं. १९३९ मध्ये कुटुंब निसटलं आणि पॅलेस्टाइनला पोहोचलं. मागे राहिलेल्या नातेवाइकांपैकी अनेक जण छळछावण्यांत गेले. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या डेब्यूसी स्पर्धेत प्रेसलर पहिले आले आणि एकल वादक म्हणून अमेरिकेत नाव झालं. मग १३ जुलै १९५५ ला मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूडच्या उन्हाळी महोत्सवात ठरलेल्या अल्बेनेरी ट्रिओला येता आलं नाही. त्यांच्या जागी प्रेसलर, व्हायोलिनवर दानिएल गिले आणि चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस बसले. बोझार ट्रिओचा हा पहिला जाहीर कार्यक्रम.

इथे बदली झाली ती तिघांच्या जागी तिघांची, आणि म्हणून ती जमली. एकाच्या जागी एक बसवला असता तर टँगलवूडला बहुतेक एक नीटनेटकी, विसरून जाण्याजोगी संध्याकाळ झाली असती.

त्यानंतर ५३ वर्षं हे त्रिकूट चाललं. व्हायोलिनवादक पाच झाले, चेलोवादक तीन. पियानोवर पहिल्या दिवसापासून २००८ मधल्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत प्रेसलरच. नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून तालीम, जुन्या रचना जणू पहिल्यांदाच उघडतो आहोत अशी. सगळ्या हायडन ट्रिओंचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं. त्यांत चेलोला बरेचदा पियानोच्या डाव्या हाताचेच सूर असतात, म्हणून अनेक जण ते कंटाळवाणे समजतात. बोझारच्या वादनात ऐकू येतं की चेलो त्या डाव्या हाताला वजन देतो आणि पियानो त्याला कडा देतो. त्रिकूट संपल्यावर प्रेसलर थांबले नाहीत. इंडियाना विद्यापीठात १९५५ पासून शिकवत होते ते चालूच राहिलं, आणि नव्वदीत, २०१४ मध्ये, ते पहिल्यांदा बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजले. ६ मे २०२३ ला लंडनमध्ये ते गेले, वय ९९.

या कारकिर्दीतली एक गोष्ट नेहमी दुर्लक्षित राहते. व्हायोलिनवादक आपलं व्हायोलिन पाठीवर घेऊन येतो. चेलोसाठी विमानात वेगळी खुर्ची काढतात. ग्रीनहाउस वाजवायचे तो १७०७ चा स्त्रादिवारी होता, आणि तो त्यांच्याबरोबरच फिरायचा. पियानोवादक मात्र रिकाम्या हातांनी येतो. त्या गावात जो पियानो असेल तो त्याचा. प्रेसलर यांना ५३ वर्षं प्रत्येक गावात वेगळ्या वाद्याशी दोन-तीन तासांत ओळख करून घ्यावी लागली, आणि संध्याकाळी तोच जुना ट्रिओ ऐकू आणून द्यावा लागला. म्हणून कार्यक्रम रद्द झाला की पियानोवादकाइतकीच वाया जाते ती त्या वाद्याची तयारी. मुंबईत ही तयारी काय असते ते तपशिलात सांगायला हवं.

मैफलीचा मोठा ग्रँड पियानो २७४ सेंटिमीटर लांब, वजन ४८० किलोच्या आसपास. ८८ पट्ट्या, सव्वादोनशेहून जास्त तारा. खर्जात एका सुराला एक जाड तार, त्याच्या वरच्या काही सुरांना दोन, आणि तिथून पुढे प्रत्येक सुराला तीन. सगळ्यांचा मिळून ताण सुमारे २० टन, तो बिडाच्या चौकटीवर येतो. आवाज मात्र चौकटीतून येत नाही. तो येतो खालच्या लाकडी साउंडबोर्डातून, आपल्या तंबोऱ्याच्या तबलीसारख्या. ही फळी स्प्रूस लाकडाची, जेमतेम ८-९ मिलिमीटर जाड आणि मध्ये किंचित फुगवटा असलेली. सगळं दुखणं इथे आहे. हवेतली ओल वाढली की लाकूड आडवं फुगतं, फुगवटा वर येतो, त्यावरचा ब्रिज, म्हणजे घोडी, तारांना वर ढकलतो आणि सूर चढतो. सगळा पियानो सारखा चढला असता तर निभावलं असतं, पण मधला भाग जास्त चढतो, खर्ज आणि टीप कमी. पियानो स्वतःशीच बेसूर होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ओल ८५ टक्क्यांच्या घरात असते आणि या वाद्याला हवी असते ४५ ते ५० टक्के. एनसीपीए तर समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीच्या टोकाला आहे. वाऱ्यात मीठ असतं, आणि पोलादी तारेला तेही नको असतं. म्हणून तारेला उघड्या बोटाने हात लावायचा नाही. घामाचा ठसा उमटला की महिनाभरात तिथे तांबूस ठिपका येतो.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे विजेची बचत. एसी सकाळी नऊला लावायचा, ट्यूनरने साडेनऊला सुरू करायचं, दुपारी तालीम संपली की एसी बंद, सहाला परत चालू. तार तापमानाला काही मिनिटांत प्रतिसाद देते, थंड झाली की आखडते आणि चढते, दिव्यांखाली तापली की उतरते. फळी ओलीला प्रतिसाद देते ती कित्येक तासांनी, दिवसांनी. त्यामुळे बंद-चालू एसीत लावलेला पियानो सातला पडदा वर जाताना एका दिशेने सरकत असतो आणि मध्यंतरापर्यंत दुसऱ्या. इलाज सोपा आहे, खर्चिक आहे. पियानो आदल्या दिवशी मंचावर आणायचा, एसी रात्रभर चालू ठेवायचा आणि ट्यूनिंग कार्यक्रमातलेच दिवे लावून करायचं. साउंडबोर्डाखाली ओल खेचणारी तापकांडी आणि तिचं नियंत्रक बसवलेलं असेल तर त्याचा प्लग पियानो हलवण्यापुरता सोडून वर्षभर काढायचा नाही. घरातल्या उभ्या पियानोत जुने लोक कमी वॉटचा बल्ब जळता ठेवत, त्यामागचं तत्त्व हेच. तळाशी डांबरगोळ्या टाकत, कारण हातोड्यांचा लोकरी नमदा कसरीला फार आवडतो.

दुसरं मुंबईकर दुखणं म्हणजे अडकणारी पट्टी. पट्टीला मार्गदर्शन करणाऱ्या खिळ्यांभोवती लोकरी कापडाचं अस्तर असतं. पावसाळ्यात ते फुगतं, पट्टी खाली जाते आणि आळसावल्यासारखी वर येते. ट्यूनर खास पकडीने ते अस्तर हलकेच दाबतो. जास्त दाबलं तर हिवाळ्यात पट्टी खडखडते, म्हणून अनुभवी हात इथे कंजूष असतो. त्याहून त्रासाची जागा हातोड्याच्या सांध्यात असते. तिथली पिन सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची, तिचंही अस्तर लोकरी. ते घट्ट झालं की हातोडा मारून वेळेत परतत नाही आणि एकच सूर भरभर वाजवताना तिसरा-चौथा आघात गळतो. शूमानसारख्या लेखनात हे लगेच उघडं पडतं. प्रेक्षकाला वाटतं वादकाचं बोट चुकलं.

सूर लावण्याचं खास चेंबरचं गणित आणखी वेगळं. आपल्या पेटीवर जो आक्षेप घेतला गेला तोच पियानोला लागू आहे, त्याचे पंचम शुद्ध पंचमापेक्षा दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आखूड असतात. चेलोवादक ‘ए’ तार पियानोवरून घेतो आणि तिथून खाली डी, जी, सी अशा तारा शुद्ध पंचमांत लावत गेला, तर तळाची ‘सी’ पियानोच्या ‘सी’पेक्षा सहा सेंट खाली जाते. हा फरक कानाला बोचतो. म्हणून मुरलेला चेलोवादक प्रत्येक पंचम थोडा आखूड ठेवत खाली येतो. एकट्याने बाख वाजवताना तोच माणूस तारा पुन्हा शुद्ध लावतो.

आणि मग तो दोन हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन कंपनांचा वाद. बरेच पाहुणे कलाकार मधला ‘ए’ ४४२ ला मागतात, इथला पियानो ४४० ला असतो. दोन हर्ट्झ ऐकायला किरकोळ वाटतात, पण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० टनांवर हा फरक १८० किलोंच्या आसपास जातो. एवढं वजन चौकटीवर चढवलं की पहिल्या तारा शेवटच्या तारा लावेपर्यंत खाली आलेल्या असतात. म्हणून दोन वेळा पूर्ण लावावा लागतो, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. ही मागणी कार्यक्रमाच्या सकाळी कळवणं हा ट्यूनरवर सरळ अन्याय आहे.

सूर लागल्यावर पोत. नव्या, कडक हातोड्यांचा पियानो एकल वादनात झळकतो आणि ट्रिओत चेलोला गिळतो. ट्यूनर तीन-चार सुयांचं हत्यार हातोड्याच्या नमद्यात खांद्याशी टोचतो, नमदा सैल होतो आणि आघाताची धार कमी होते. झाकण अर्धं लावून आवाज दाबण्याची सवय पुष्कळांना आहे, पण त्याने आवाज कमी होण्यापेक्षा मळकट होतो. झाकण पूर्ण उघडं आणि हात हलका, हेच बरोबर.

आता दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी दोन-अडीच तास ट्यूनिंग, दुपारी पियानोवादकाची ओळख-भेट, तीन ते पाच तालीम, साडेपाच ते सव्वासहा शेवटचा हात, साडेसहाला दारं, सातला सुरुवात. पियानोवादकाला ताप भरल्याचं कळतं ते बहुधा या साखळीच्या मध्यावर, जेव्हा पियानो तयार असतो. तेव्हा आयोजकासमोर खरोखर काय असतं? चेलोवादक आजारी असता तर उरलेल्या दोघांसाठी बेथोवन आणि ब्राम्सचे व्हायोलिन सोनाटे होते. व्हायोलिनवादक आजारी असता तर चेलो सोनाटे. पियानोवादक नसेल तर व्हायोलिन आणि चेलो उरतात, आणि त्या जोडीसाठी चांगलं लेखन थोडं आहे. कोडाईचा ड्युओ आणि रॅव्हेलचा सोनाटा, दोन्ही थोर, दोन्ही इतके अवघड की आधी घोटलेले नसतील तर दुपारी काढून संध्याकाळी वाजवणं अशक्य. म्हणून ट्रिओतलं हेच रिकामं स्टूल सर्वांत महाग पडतं. एक प्रामाणिक मार्ग उरतो. दोघांनी आळीपाळीने एकट्याने बाख वाजवायचा, तो मुखोद्गत असतो, आणि प्रेक्षकांना दारातच सांगायचं की कार्यक्रम बदलला आहे, ज्यांना नको त्यांनी पैसे परत घ्यावेत. हे दुपारी तीनच्या आत ठरलं पाहिजे. विरार-वसईहून येणारा माणूस साडेचारला घर सोडतो. गाडीत बसल्यावर आलेला संदेश त्याच्या काही उपयोगाचा नसतो.

काही वेळा तर रद्द न झालेला कार्यक्रम जास्त दुखावणारा असतो. ११ एप्रिल १८१४ ला व्हिएन्नात एका हॉटेलच्या सभागृहात बेथोवनचा ‘आर्चड्यूक’ ट्रिओ पहिल्यांदा वाजला. व्हायोलिनवर शुपानझिग, चेलोवर लिंके, पियानोवर स्वतः बेथोवन, जवळजवळ पूर्ण बहिरा. तालमीला लुई श्पोर हा व्हायोलिनवादक हजर होता. त्याने लिहून ठेवलं आहे की मोठ्या आवाजाच्या जागी बेथोवन इतक्या जोराने ठोकत होता की तारा झणझणत होत्या, आणि हळुवार जागी इतकं हळू की सुरांचे सबंध गट उमटतच नव्हते. पियानोचाही सूर गेलेला होता. त्याला ते कळायला मार्ग नव्हता. या ट्रिओची पहिली ओळ पियानो एकटाच गातो, हळू आणि गोड. ती ओळ त्या दिवशी कशी आली असेल याचा विचार करवत नाही. काही आठवड्यांनी त्याने तो आणखी एकदा वाजवला, आणि मग लोकांसमोर ट्रिओत बसणं सोडलं. त्याच्या काळातल्या सर्वांत दरारा असलेल्या पियानोवादकाची कारकीर्द अशी संपली. व्हायोलिनवादकाला आणि चेलोवादकाला सगळं ऐकू येत होतं. ते शेवटच्या सुरापर्यंत त्याच्याबरोबर वाजवत राहिले.

फणफणत्या तापात, थरथरत्या बोटांनी स्टूलवर बसलेला पियानोवादक आपण मुंबईत मागू नये. तो स्वतः नाही म्हणाला तर त्या नकारात उरलेल्या दोघांचा मान आहे, आणि पाटी वाचणाऱ्याचाही.

पाटी लागल्यावर मंचावर अर्ध्या तासाचं काम उरतं. पियानोच्या झाकणाची काठी उतरवतात आणि झाकण दोघांनी धरून बंद करतात, एकट्याने केलं तर बिजागरी मुरडते. चेलोच्या टोकाने मंचाच्या फळीवर केलेलं छिद्र दुपारच्या तालमीचं, ते तसंच राहतं. पट्ट्यांवर लोकरी पट्टा, वर जाड रजईचं आवरण. तिघं जण पियानो सावकाश ढकलत कोठीकडे नेतात, चाकांना कुलूप लावतात आणि तापकांडीचा प्लग पुन्हा भिंतीत बसवतात. चार दिवसांनी दुसऱ्या कुणासाठी तो उघडेल तेव्हा ट्यूनर काहीही करण्याआधी मधला ‘ए’ दाबून बघेल, ४४२ वर नेलेली ती तार किती खाली आली आहे ते.